कावळ्यासाठी मांडलेलं पान

नव्या वस्तीत राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मला तिथल्या माणसांपेक्षा तिथं नसलेली कुत्री अधिक ठळक दिसली. जवळजवळ प्रत्येक फाटकाच्या आत भिंतीत लोखंडी कडी होती. कडीखालच्या सिमेंटवर साखळी घासून घासून उमटलेलं अर्धवर्तुळ होतं. त्या अर्धवर्तुळात कुठं झेंडूची कुंडी ठेवलेली होती, कुठं सायकल टेकवलेली होती, आणि कुठं काहीच नव्हतं.

साठ सालच्या दोन चक्रीवादळांनी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सूयाक गावातलं आमचं लाकडी घर आधी हलवलं आणि मग नेलं. दोन वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून मी आणि विद्यावती, माझी पत्नी, रोझ हिलच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्याच मराठी बांधवांच्या समितीनं उभारलेल्या वसाहतीत आलो. घरं काँक्रीटची आणि एकसारखी होती. पडदेही एकसारखे होते. मतंही एकसारखी असावीत अशी समितीची अपेक्षा होती, हे जरा उशिरा कळलं. मी रोझ हिलच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. आमच्या बेटावर शाळेच्या वरच्या वर्गांना कॉलेज म्हणतात आणि शिकवणाऱ्याला प्रोफेसर. पदव्या स्वस्त असल्या की समाजाला प्रगती झाल्यासारखी वाटते.

आमच्याबरोबर आमचा कुत्रा होता. रंग तांबूस, आणि वादळात उडालेल्या पत्र्यानं फाटलेला एक कान. त्याचं नाव गव्हर्नर. दिवसभर झोपून संध्याकाळी मात्र मोठ्या गांभीर्यानं पाहणीला निघण्याची त्याची सवय पाहून ते नाव ठेवलं होतं. राणीच्या प्रतिनिधीचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, निदान मुख्य हेतू तो नव्हता.

रोज सकाळी कॉलेजच्या आधी आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जात होतो. शेवटचं घर संपलं की ऊस सुरू होई. उसातून बैलगाडीच्या रुंदीची वाट डोंगराकडे जात होती. वाटेच्या कडेला काळ्या दगडांच्या प्रचंड राशी होत्या. आमच्या आज्या-पणज्यांनी करारबद्ध मजूर म्हणून राबताना शेतातून उपसून रचलेले ते दगड, स्मारक म्हणून कोणी रचले नव्हते, म्हणूनच टिकले. पुढं ओहोळ, ओहोळापलीकडं पेरूची जंगली झुडपं, त्यांत बुलबुल आणि मैना, आणि वर तो कातळाचा कडा, ज्याच्यामागं सूर्य अकालीच बुडे. जूनमध्ये ऊस डोक्याच्या वर होता, तुरे आलेले. आत शिरलं की वसाहत दिसत नसे आणि वसाहतीला आम्ही दिसत नव्हतो. मला ही व्यवस्था फार पसंत होती.

परत येताना मात्र फाटकांवरून विचारणा होई. स्वर अत्यंत सौजन्याचा असे.

“काय प्रोफेसर, कुत्रा अजून आहे वाटतं?”

एखाद्याच्या घरच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा तो प्रश्न होता. मी पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा थांबून पाहिलं, तर विचारणारा आधीच आत गेला होता.

शेजारी देवराज राहत होता, बंदरावरच्या कस्टममध्ये कारकून, मनानं चांगला आणि म्हणून घाबरट. त्याच्या फाटकातल्या कडीला मी एकदा बोट लावून विचारलं, “इथं कोण होतं?”

“बिजू,” तो म्हणाला. “छान होता हो. माझ्या धाकटीला सोडून झोपायचा नाही.”

“मग?”

“गेला. गेल्या पितृपक्षात.”

“आणि समोरच्यांचा?”

“तोपण पितृपक्षातच.” देवराजनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. “सगळीच, प्रोफेसर. एकाच पंधरवड्यात. की पू फेर? काय करणार?” आणि मग, मला मदत करत असल्याच्या सुरात, “तुम्हीही यंदा एकदाचं उरकून टाका. लोक बोलतात.”

हे काय उरकायचं होतं, ते मला वसाहतीच्या अध्यक्षांकडून समजलं.

अध्यक्ष बलराम सरकारी कचेरीत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर होते. त्यांच्या पँटची इस्त्री संध्याकाळीही मोडलेली नसे. त्यांचं घर वसाहतीच्या तोंडाशी होतं, त्यामुळं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या खिडकीसमोरून जाई.

“या, प्रोफेसर. लाटसाहेबांना घेऊन कुठं?”

“पाहणीला.”

“त्याचं नाव बदला हो. मी सरकारी माणूस. तुम्ही भर रस्त्यात ‘गव्हर्नर, तिथं मुतू नको’ म्हणून ओरडता, आणि माझी खिडकी उघडी असते.”

“खिडकी लावून घ्या. नाव बदललं तर तो ओ देणार नाही. खरे गव्हर्नरही देत नाहीत.”

ते हसले. हसणं संपवून त्यांनी फाटकावर दोन्ही हात ठेवले. “सप्टेंबरात पितृपक्ष. तुमच्याकडं पितरांचं पान कोण खातं?”

प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघरी मेलेल्यांसाठी केळीच्या पानावर जेवण वाढतात, भात, उडदाचे वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी. ते पान कावळ्यानं शिवलं की पितर जेवले असं आपण मानतो. पण आमचे पूर्वज कोकणातून या बेटावर उतरले तेव्हा इथं कावळाच नव्हता. तो नंतर कधीतरी जहाजांबरोबर आला आणि बंदरावरच्या मासळीपाशी राहिला. वर आमच्या ऊसपट्ट्याकडं फिरकला नाही. उपाशी पितरांना ताटकळत ठेवणं म्हाताऱ्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की इथं कुत्रा शिवेल. शास्त्रातही रोजच्या अन्नात कुत्र्याचा वाटा सांगितलेला आहे. ते शास्त्र त्यांनी वाचलेलं नव्हतं, आणि तरी ते चुकले नव्हते. म्हणून आमच्या घरांतला कुत्रा एरवी थाळीतलं, रस्त्यावरचं, अनोळखी हातातलं काही खात नाही. त्याला पिल्लू असतानाच शिकवतात की जमिनीवर केळीचं पान मांडलेलं असेल तर ते त्याचं, आणि त्याला कोणी अडवणार नाही.

“कुत्रा खातो,” मी म्हणालो. “तुमच्याकडंही तोच खात असणार.”

“खायचा.” बलरामांचा आवाज खाली आला. “मी गेल्या साली इंडियाला गेलो होतो. नाशिकला. गोदावरीकाठी गुरुजींना सांगितलं, आमच्याकडं पान कुत्रा शिवतो. ते हसले. आजूबाजूचे सगळे हसले. एक जण म्हणाला, ‘कुठल्या जातीचे हो तुम्ही?’ मी टाय लावून उभा होतो, प्रोफेसर. टाय लावून!”

“सांगायचं होतं, आमच्याकडं कावळा नव्हता.”

“होता! पोर्ट लुईला आहे. वर येत नाही, कारण इथं कुत्री आहेत. साधी गोष्ट आहे. शंभर वर्षं आमचे पितर उपाशी आहेत. साठ साली काय झालं? दीड महिन्यात दोन वादळं! कुणाचं छप्पर राहिलं? सांगा.”

वेधशाळेकडं बॅरोमीटर होता, बलरामांकडं कारण होतं. ज्यांची छपरं गेली होती त्यांना कारणाची गरज अधिक होती.

“मग कुत्री कुठं गेली?” मी विचारलं.

“गेली.” त्यांनी फुलांच्या वाफ्याकडं पाहिलं. “ज्यांची होती त्यांना ठाऊक असेल.”

त्या क्षणी आतून त्यांची आई आली, इंद्राणीकाकी, वाकलेली, काष्टा घातलेली, हात पिठानं माखलेले. गव्हर्नरला पाहून ती फाटकाशी बसलीच. “आयो, कसा गुमान बसलाय बघ! माजा होता एक, असाच. शेरू. रानात पळाला, बलराम सांगतो. एवढा माज्या पायाजवळ झोपणारा, रानात कशाला पळंल?” बलराम म्हणाले, “आई, तवा जळतोय.” तवा जळत नव्हता.

विद्यावतीला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “उद्याच्या उद्या त्याला सूयाकला माझ्या भावाकडं पाठवा.”

“का म्हणून? आपण काय गुन्हा केलाय?”

“गुन्हा कुणी केला हे विचारतच नाहीये मी. त्याचा जीव जाईल.”

“आज कुत्रा पाठवू. उद्या ते आणखी काही पाठवायला सांगतील.”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्हाला कुत्रा वाचवायचाय, की वाद जिंकायचाय?”

प्रश्न अचूक होता. मी पुस्तकं उघडून बसलो. तिनं मशीनवर जाड कॅनव्हासचं मुसकं शिवायला घेतलं, बैलाला घालतात तसं, पण लहान. श्वास घेता येईल, तोंड उघडता येणार नाही. “पितृपक्ष संपेपर्यंत हे घातल्याशिवाय तो दाराबाहेर जाणार नाही,” ती म्हणाली. “आणि संपल्यावर आपण बघू.”

ऑगस्टअखेर ऊसतोडणी आमच्या बाजूला सरकली. रोज एक पट्टा मोकळा होई. काल जिथं हिरवी भिंत होती तिथं आज खुंट आणि वाळली पात. हळूहळू वसाहतीच्या मागच्या खिडक्यांतून सगळी वाट दिसू लागली. आता आम्ही ओहोळापर्यंत जाऊन परत येईपर्यंत कोणीतरी पाहत असे. मान वळवली की पडदा हलायचा. निसर्गरम्य फेरी म्हणतात तिचं असं झालं होतं. एक माणूस, एक मुसकं घातलेला कुत्रा, आणि मोकळ्या रानावर मागून रोखलेल्या नजरा. गव्हर्नरनं एके दिवशी वाटेतच बसकण मारली आणि वसाहतीकडं तोंड करून गुरगुरला. आवाज मुसक्यातून फुटत नव्हता, नुसती छाती थरथरत होती.

पितृपक्ष लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिलं पान दिसलं. दगडांच्या मोठ्या राशीला टेकवून, नीट मांडलेलं. भात, वडे, खीर. वड्यांपैकी एक अर्धा खाल्लेला होता, आणि पानापासून हाताभर अंतरावर एक मुंगूस पडलेलं होतं, पाठ धनुष्यासारखी ताणलेली, दात उघडे, पाय काठीसारखे ताठ. इतक्या ताठ अवस्थेत मेलेलं जनावर मी लहानपणी पाहिलं होतं. साखर इस्टेटीवर हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी भटक्या कुत्र्यांसाठी मटणात कुचल्याची विषारी पूड घालतात. तिची मूठभर पुडी इस्टेटीच्या कोठारातून मिळवायला अध्यक्षांना फार कष्ट पडले नसतील.

गव्हर्नर पानाकडं पाहून शेपटी हलवत होता. त्याला पिल्लूपणापासून सांगितलेलं होतं की हे त्याचं आहे. तो माझ्याकडं वळून पाहत होता, दोरी का ताणली आहे, हे त्याला समजत नव्हतं.

मी पान ओहोळात बुडवलं आणि मुंगुसावर दगड रचले. घरी सांगितलं नाही, पण विद्यावतीनं माझ्या चपलांवरचा चिखल पाहिला आणि मुसक्याचे टाके दुहेरी केले.

मग दर दोन-तीन दिवसांनी पान सापडू लागलं. कधी ओहोळाजवळ, कधी पेरूच्या झुडपात, आणि एकदा आमच्याच फाटकाबाहेर. ते मांडताना मात्र कोणी दिसत नसे. देवराजला मी विचारलं, “तुम्ही पाहिलंत का कुणी ठेवलं?” तो म्हणाला, “माझी पाठ दुखते, मी त्या बाजूला बघतच नाही.” हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की मला त्याच्यावर रागावता येईना. गेल्या वर्षी त्याच्याही फाटकाबाहेर असंच पान असणार. त्यानं बिजूला मागं ओढलं नसणार. सगळी वसाहत अशीच त्या बाजूला न बघता राहत होती, म्हणून तर कोणाला दोषी ठरवायची गरज पडत नव्हती.

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी आम्ही निघालो. आग्नेयेचा वारा थांबला होता. दगडांच्या राशीपाशी पान होतं. त्यातून अजून वाफ येत होती, म्हणजे ठेवणारा आमच्या थोडाच आधी येऊन गेला असेल. मी वाकलो, पान दोन्ही हातांत उचललं, दोरी मनगटाला गुंडाळली आणि वसाहतीकडं मागं फिरलो.

बलरामांच्या घरासमोर गर्दी होती. भिंतीवर त्यांचं घरचं पान मांडलेलं होतं, आणि सगळी वसाहत, बायका, पोरं, पांढरी धोतरं, माना वर करून आकाशाकडं पाहत होती. आकाश रिकामं होतं. बलराम मधे उभे राहून हलक्या आवाजात सांगत होते, “येईल. धीर धरा. यंदा येईल.”

मी त्यांच्यासमोर जाऊन पान पुढं केलं. “बलरामजी, तुमचं एक पान वाटेवर राहिलं होतं.”

“माझं नाही.”

“असेलही कुणाचं. पण पितरांचं आहे. कावळ्यानं शिवलं नाही, कुत्र्याला शिवू द्यायचं नाही. मग घरच्या कर्त्या माणसानं घास घेऊन पान मोकळं करायचं. घ्या. एक वडा.”

“मी उपाशी नाही.”

“पितर आहेत म्हणता. त्यांच्या नावानं घ्या.”

आकाशाकडं पाहणाऱ्या माना खाली आल्या. बलरामांचे हात पँटच्या खिशात गेले होते.

तेवढ्यात इंद्राणीकाकी पायरी उतरून आली. “कुणाचा पान? तू का उभा राहिलायस त्याला घेऊन, प्रोफेसर? पितराचा पान असा धरून ठेवू नये. आण. मी घेते घास. मोकळा होऊ दे.”

तिनं माझ्या हातातल्या पानाची एक कड धरली. दुसरी कड मी सोडली नाही. पण मी काही बोललोही नाही. ज्यानं बोलायचं होतं तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि मला त्याला पुरेसा वेळ द्यायचा होता. काकीनं वडा उचलला. पुटपुटून नवऱ्याचं नाव घेतलं. वडा तोंडाशी नेला.

बलरामांनी पुढं होऊन तिच्या हातावर फटका मारला. पान उलटलं, खीर त्यांच्या इस्त्रीवर सांडली, वडा सिमेंटवर घरंगळला.

मी गर्दीकडं पाहिलं. एकही माणूस दचकला नाही. “काय झालं?” असं एकाही माणसानं विचारलं नाही. देवराज आपल्या चपला पाहत होता. त्या शांततेत जे होतं ते मी माझ्या आयुष्यात कुठल्याही दस्तऐवजात वाचलेलं नाही.

“का रे?” काकी म्हणाली. हात चोळत नव्हती, नुसती पाहत होती. “अन्नावर हात?”

“आई, ते शिळं होतं.”

“शिळां? वाफ येत्येय त्याला.”

बलराम पँटीवरची खीर झटकू लागले.

“आणि माजा शेरू? रानात गेला, म्हणालास.” तिचा आवाज चढला नाही. “तो पन असलाच शिळां खाऊन गेला काय रे?”

“आई, आत चल.”

“नाय. आज नाय.”

ती माझ्याकडं आली. मनगटावरची दोरी सोडवायला तिला वेळ लागला. मी मदत केली. गव्हर्नरच्या मानेमागची गाठ सोडून तिनं मुसकं काढलं आणि खिशात ठेवावं तसं कमरेला खोचलं. मग ती त्याला भिंतीपाशी घेऊन गेली. तिथलं पान तिनं स्वतः उचलून खाली ठेवलं. “ह्यात काय नाय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “हा मी रांधलाय. पहाटेपासून मी एकटीनंच. खा रे, पोरा.”

गव्हर्नरनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो वाकला आणि सावकाश जेवला, खीर शेवटी. वसाहतीतले सगळे उभे होते. विद्यावती आमच्या दारातून धावत येत होती आणि अर्ध्या रस्त्यात थांबली.

काकीनं पान चाटून स्वच्छ झालेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “जेवले,” ती म्हणाली. “उद्यापास्नं ह्याला फिरवायला मी नेनार. सकाळसांज. वाटेवर पान मांडायचा असंल त्यानं माज्यासाठी मांडावा.”

बलराम ओल्या पँटीनं तिथंच उभे होते. त्यांच्याकडं आता कोणी पाहत नव्हतं. लोक माझ्याकडंही पाहत नव्हते. ते पुन्हा आकाशाकडं पाहत होते, पण आता कावळ्यासाठी नव्हे. अमावस्येला, सगळ्यांच्या देखत, पान कुत्र्यानं शिवलं होतं, आणि ते एका नाव असलेल्या, ओळखीच्या कुत्र्यानं शिवलं होतं. पुढं जे काही वादळ येईल त्याचा दोष कोणत्या पत्त्यावर टाकायचा, हे आता त्यांना ठाऊक होतं. एकेक जण आपापल्या घरी गेला. गव्हर्नरला घेऊन काकी वाटेकडं वळली, तेव्हा देवराजच्या घरातून हातोड्याचा आवाज येऊ लागला. तो खिडक्यांना फळ्या ठोकत होता. चक्रीवादळांचा हंगाम सुरू व्हायला अजून कित्येक आठवडे होते. थोड्या वेळानं समोरच्या घरातूनही हातोडा ऐकू आला, मग त्याच्या पलीकडच्या घरातून.